ब्रॉफीची पेनी

हा दिवाळी अंक आपल्याकडे वर्गणीदार म्हणून टपालाने आला असेल. पण आपल्याखेरीज तो वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या हाती तो पोहोचेल गल्लीतल्या वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेतून. ठरावीक रक्कम भरायची, पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत मुखपृष्ठाला चिकटपट्टी लागलेली असते. या व्यवहारात वाचनालयाच्या मालकाला पैसे मिळतात, वाचकाला वाचायला मिळते, प्रकाशकाला एका प्रतीची किंमत मिळते. कथा पंधरा घरांत वाचली गेली, तर पंधराव्या वाचनाचे लेखकाला काय, हे आपण विचारत नाही. आपला प्रताधिकार कायदाही विचारत नाही. एकदा विकली गेलेली प्रत कोणी कोणाला वाचायला द्यावी, यावर लेखकाची सत्ता तिथेच संपते.

युरोपात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विचारला गेला. १९१८ साली डेन्मार्कमध्ये थिट येन्सेन या लेखिकेने ग्रंथपालांच्या सभेत उभे राहून सांगितले, की माझी पुस्तके तुमच्या कपाटांतून फुकट फिरतात, त्याचा मोबदला मला हवा. लोक हसले असतील, चिडलेही असतील. मोबदला प्रत्यक्ष मिळू लागायला १९४६ साल उजाडावे लागले. ब्रिटनमध्ये कादंबरीकार जॉन ब्रॉफी यांनी १९५१ मध्ये साधा हिशेब मांडला: वाचकाने ग्रंथालयातून पुस्तक नेताना एक पेनी द्यावी, ती लेखकाला पोहोचवावी. पौंडाच्या तेव्हा २४० पेन्या होत. या सूचनेला ‘ब्रॉफीची पेनी’ असेच नाव पडले आणि ती बराच काळ चेष्टेचा विषय राहिली. ग्रंथपालांचा विरोध मात्र चेष्टेचा नव्हता. १८५० च्या कायद्यापासून ब्रिटनमधले सार्वजनिक ग्रंथालय मोफत उभे होते. दारात एक पेनी घेतली की उद्या दोन घेता येतात, हे त्यांना कळत होते.

हा पेच लक्षात ठेवून पुढचे वाचावे अशी विनंती आहे. कारण युरोपातल्या ग्रंथालयांना एका धोरणात ओवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतले बहुतेक ठराव, जाहीरनामे आणि मार्गदर्शक पुस्तिकांपाशी थांबले. पहिली खरी सक्ती झाली ती या पेनीच्या बाबतीत, आणि तीही एका व्हिडिओच्या दुकानामुळे.

*

मुळात ‘युरोपचे ग्रंथालय धोरण’ हा शब्दप्रयोगच जरा जड जाणारा आहे. ग्रंथालय ही नगरपालिकेची गोष्ट, फार तर प्रांताची. ब्रिटनने कायदा केला १८५० मध्ये. डेन्मार्कने १९२० मध्ये, फिनलंडने १९२८ मध्ये. जर्मनीत शिक्षण-संस्कृती हा राज्यांचा विषय असल्यामुळे देशभराचा कायदा नाहीच; राज्यांपैकी पहिला ग्रंथालय कायदा केला थुरिंजियाने, तोही २००८ मध्ये. आणि जगाला राष्ट्रीय ग्रंथालय म्हणजे काय ते दाखवणाऱ्या फ्रान्सने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कायदा केला डिसेंबर २०२१ मध्ये. हे वाचताना कोल्हापूर संस्थानाची आठवण होतेच. तिथे ग्रंथालय कायदा १९४५ साली झाला होता. महाराष्ट्राचा १९६७ साली. म्हणजे या एका बाबतीत कोल्हापूर पॅरिसच्या पाऊणशे वर्षे पुढे होते. अर्थात कायदा असणे आणि ग्रंथालय चांगले असणे यांचा संबंध किती सैल असतो, हे आपल्याकडच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांत बसून पेपर वाचणाऱ्यांना सांगायला नको. फ्रान्समध्ये कायद्याविना उत्तम ग्रंथालये चाललीच होती.

१९५७ च्या रोम करारात शेती, जकात होती, संस्कृती नव्हती. युरोपीय समुदायाला ग्रंथालयांविषयी बोलण्याचा अधिकारच कराराने दिलेला नव्हता. संस्कृतीचे कलम आले ते १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारात, आणि त्यातही सदस्य देशांचे कायदे एकसारखे करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत नाकारलेली. त्यामुळे ब्रसेल्स आणि लक्झेंबर्गमधल्या अधिकाऱ्यांना ग्रंथालयात शिरायचे असेल तर पुढचे दार बंद होते. मागची दारे दोन: एक संगणकाचे, दुसरे बाजाराचे.

संगणकाच्या दाराने आधी प्रवेश झाला. पुस्तकाचे नोंदपत्र संगणकाला वाचता यावे म्हणून १९६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी ‘मार्क’ ही रचना तयार केली. युरोपातल्या प्रत्येक देशाने ती उचलली आणि प्रत्येकाने स्वतःसाठी थोडी बदलली. ब्रिटनची यूकेमार्क, फ्रान्सची इंटरमार्क, डेन्मार्कची डॅनमार्क, स्पेनची इबेरमार्क. जर्मनांनी तर माब नावाची वेगळीच काढली. लेखकाचे नाव कुठल्या रकान्यात, मालिकेचे कुठल्या, खंडांची नोंद एकत्र की वेगळी, यावर प्रत्येकाची परंपरा आणि अभिमान. परिणाम असा, की एकच पुस्तक पॅरिसने नोंदवले, फ्रँकफुर्टने पुन्हा नोंदवले, लंडनने पुन्हा. शेजारच्या देशाची तयार नोंद घेणे स्वतः नव्याने करण्यापेक्षा कटकटीचे होते.

मार्च १९८४ मध्ये युरोपीय संसदेने जर्मन सदस्य ओलाफ श्वेंके यांच्या अहवालावरून ‘युरोपीय ग्रंथालय’ स्थापण्याचा ठराव केला. एखादी भव्य इमारत कोणाच्या डोळ्यांसमोर असलीच तर ती तशीच राहिली. सप्टेंबर १९८५ मध्ये मंत्रिपरिषदेने जो ठराव केला तो फार मोजक्या शब्दांत होता: ग्रंथालयांनी माहितीप्रक्रियेच्या क्षेत्रात सहकार्य करावे. ‘संस्कृती’ म्हटले असते तर अधिकाराचा प्रश्न आला असता. ‘माहितीप्रक्रिया’ म्हटल्यावर तो तंत्रज्ञान आणि उद्योगाचा विषय झाला. लक्झेंबर्गमधल्या ज्या विभागाकडे हे काम गेले तो दूरसंचार आणि माहिती-उद्योग पाहणारा विभाग होता. पुढची पंधरा वर्षे ग्रंथालयांना युरोपचा पैसा मिळाला तो संशोधन कार्यक्रमांच्या खात्यातून, ‘टेलिमॅटिक्स’ या आता कोणी उच्चारत नसलेल्या शब्दाखाली.

त्या पैशातून काय झाले, हे सांगताना मोठ्या इमारतीचे छायाचित्र दाखवता येत नाही. एका देशाच्या तालिकेतून दुसऱ्या देशाची तालिका शोधता यावी अशी जोडणी झाली. राष्ट्रीय ग्रंथपालांची परिषद १९८७ मध्ये सुरू झाली होती, तिला हाताशी धरून नोंदींचे रूपांतर करण्याचे प्रकल्प झाले. ग्रीक आणि पोर्तुगीज ग्रंथपाल डॅनिश ग्रंथपालांना नियमित भेटू लागले, आणि माझ्या मते हाच त्यातला टिकाऊ भाग. नोंदरचनांच्या भांडणाचा शेवट मात्र गमतीचा झाला. युरोपने सर्वमान्य रचना घडवण्यात दोन दशके घालवली. २००४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीने यूकेमार्क सोडून अमेरिकेची मार्क २१ घेतली, आणि पुढे जर्मनांनीही माब सोडून तीच घेतली. एकी झाली, पण मूळ अमेरिकी रचनेच्या छायेत.

सार्वजनिक ग्रंथालयांच्या वाट्याला या काळात मुख्यतः कागद आला. १९९८ मध्ये फिनलंडच्या मिर्या र्‍यूनानेन यांचा अहवाल युरोपीय संसदेने स्वीकारला. त्यात माहिती-समाजात ग्रंथालयांचे स्थान चांगले मांडले होते. अँटवर्पच्या पुढाकाराने ‘पुलमन’ नावाचे जाळे उभे राहिले, त्याने मार्गदर्शक पुस्तिका काढून अनेक भाषांत नेल्या, आणि मार्च २००३ मध्ये पोर्तुगालमधल्या ओएराश गावी जाहीरनामा झाला. जाहीरनाम्यांविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

*

आता ते व्हिडिओचे दुकान. कोपनहेगनमधला एक दुकानदार लंडनला गेला आणि जेम्स बाँडच्या ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ची व्हिडिओ कॅसेट रीतसर विकत घेऊन आला, दुकानात भाड्याने देण्यासाठी. ब्रिटनमध्ये त्या वेळी विकलेली कॅसेट भाड्याने देण्यावर निर्मात्याचा हक्क नव्हता, डेन्मार्कमध्ये होता. वॉर्नर ब्रदर्सने दावा लावला. दुकानदार म्हणाला, सामायिक बाजार आहे ना, मग एका देशात कायदेशीर घेतलेली वस्तू दुसऱ्या देशात वापरायला आडकाठी कशी? मे १९८८ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयाने निकाल दुकानदाराविरुद्ध दिला. पण त्यातून उघडे पडले ते हे, की भाड्याने देण्याचे कायदे देशोदेशी वेगळे असतील तर सामायिक बाजाराला भोके पडतात. भोके बुजवण्याचा अधिकार आयोगाकडे होता.

त्यातून १९ नोव्हेंबर १९९२ चा निर्देश आला. भाड्याने देणे आणि मोफत वाचायला देणे या दोन्ही गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. कॅसेटच्या मागोमाग ग्रंथालयातले पुस्तकही त्या पिशवीत गेले. निर्देश म्हणत होता: देवघेवीवर लेखकाचा हक्क आहे. सदस्य देश तो हक्क शिथिल करू शकतात, पण मग निदान लेखकाला मोबदला द्यावा. काही प्रकारच्या संस्थांना सूटही देता येईल. १ जुलै १९९४ पर्यंत सगळ्यांनी अंमल करावा.

ब्रिटनला याची अडचण नव्हती. जॉन ब्रॉफींची मुलगी ब्रिजिड ब्रॉफी, स्वतः कादंबरीकार, हिने मॉरीन डफी आणि इतरांना घेऊन १९७२ मध्ये लेखकांचा कृतिगट काढला होता. संसदेत बरीच अडवणूक सोसून १९७९ मध्ये कायदा झाला आणि १९८४ मध्ये पहिले पैसे लेखकांच्या हातात पडले. वडिलांच्या कल्पनेत एक बदल मात्र झाला होता आणि तो निर्णायक होता: पेनी वाचकाने द्यायची नाही, सरकारने द्यायची. नमुन्यादाखल निवडलेल्या ग्रंथालयांत कुठले पुस्तक किती वेळा गेले ते मोजायचे, त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा, आणि लेखकाला पैसे. वरची मर्यादा ठरलेली, म्हणजे लोकप्रिय रहस्यकथाकार सगळी रक्कम नेणार नाही. ग्रंथालयाच्या दारात मोफतपणा शाबूत राहिला.

डेन्मार्कचे गणित निराळे. तिथे पुस्तक किती वेळा गेले हे न मोजता ग्रंथालयांत किती प्रती आहेत हे मोजतात. त्यामुळे क्वचित हलणाऱ्या कवितासंग्रहालाही काही मिळते. आणि पैसे मिळतात ते डॅनिश भाषेत लिहिणाऱ्याला. सोबत देशातल्या ग्रीनलँडिक आणि फेरोईज भाषा. इंग्रजीतून भाषांतरित कादंबऱ्या कितीही गेल्या तरी मूळ लेखकाला काही नाही. सामायिक बाजाराच्या तर्काने पाहिले तर हे खटकते. डॅनिश सरकारचे म्हणणे, आम्ही राष्ट्रीयत्व पाहत नाही, भाषा पाहतो. पन्नास-साठ लाख लोकांची भाषा आहे. तिच्यात लिहिणाऱ्याला फक्त विक्रीवर जगता येणार नाही, म्हणून हा पैसा. जर्मनीत देवघेवीच्या रकमेतला काही भाग लेखकांच्या म्हातारपणाच्या निधीत जातो. एकाच निर्देशाखाली एका देशात तो प्रताधिकाराचा हक्क ठरला, दुसऱ्यात भाषेचे अनुदान, तिसऱ्यात निवृत्तिवेतन. मला स्वतःला डॅनिश उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटते, कारण ते हेतू लपवत नाही.

दक्षिणेत मात्र शांतता होती. इटली, स्पेन, पोर्तुगाल यांनी ‘काही संस्थांना सूट’ या वाक्याचा अर्थ ‘सगळ्या सार्वजनिक ग्रंथालयांना सूट’ असा लावला. अपवाद एवढा ताणला, की नियमच उरला नाही. आयोगाने खटले भरले. २००३ मध्ये बेल्जियम हरले, २००६ मध्ये पोर्तुगाल, स्पेन आणि इटली, २००७ च्या जानेवारीत आयर्लंड. स्पेनमध्ये ग्रंथपालांनी आणि वाचकांनी याविरुद्ध मोहीम उघडली. गंमत म्हणजे ज्यांच्या खिशात पैसे पडणार होते अशा लेखकांतलेही काही त्यांच्या बाजूने उभे राहिले. होसे लुइस साम्पेद्रो हे ज्येष्ठ कादंबरीकार त्यांत होते. ग्रंथालय माझा वाचक घडवते, त्याच्याकडून मी पैसे कसे मागू, असा त्यांचा रोख. दुसरीकडे व्यावहारिक भीतीही होती: ग्रंथखरेदीचा पैसा आणि लेखकाचा मोबदला एकाच खात्यातून निघू लागला, तर लेखकाला पैसे देण्यासाठी त्याचीच पुस्तके कमी घ्यावी लागतील. स्पेनने शेवटी २००७ च्या कायद्यात घेतलेल्या प्रत्येक प्रतीमागे २० सेंट असा दर ठरवला आणि ५,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावांना वगळले.

बेल्जियमची तऱ्हा तर शाळेच्या गणितासारखी. हरल्यावर त्यांनी नियम केला: नोंदणीकृत प्रौढ वाचकामागे वर्षाला एक युरो, मुलामागे अर्धा. पुस्तके पाच नेली काय आणि दोनशे नेली काय, रक्कम तीच. आणि एकच माणूस तीन ग्रंथालयांचा सभासद असला तरी एकदाच. लेखकांची संघटना कोर्टात गेली. ३० जून २०११ रोजी न्यायालयाने सांगितले, की मोबदला लेखकाच्या नुकसानीच्या प्रमाणात हवा, म्हणून किती पुस्तके उपलब्ध आहेत आणि किती वाचक आहेत, दोन्ही धरावे लागेल. त्यानंतर स्पेनलाही आपला दर पुन्हा मांडावा लागला. साठ वर्षांपूर्वी ज्या पेनीला लोक हसले तिचे त्रैराशिक आता युरोपचे सर्वोच्च न्यायालय सोडवत होते.

*

१४ डिसेंबर २००४ रोजी गूगलने हार्वर्ड, स्टॅनफर्ड, मिशिगन, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी आणि ऑक्सफर्ड यांची पुस्तके संगणकावर आणण्याचे जाहीर केले. जानेवारीत फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे अध्यक्ष झाँ-नोएल जाननेय यांनी ‘ल मोंद’मध्ये लेख लिहिला. जाननेय इतिहासकार, त्यांची हरकत यंत्राला नव्हती, क्रमाला होती. पुस्तके सगळीच येतील, पण शोधणाऱ्याला आधी कुठले दिसेल? फ्रेंच राज्यक्रांतीविषयी विचारल्यावर आधी इंग्रजी पुस्तकांतली राज्यक्रांती समोर आली तर? एप्रिल २००५ च्या अखेरीस फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन, पोलंड आणि हंगेरी यांच्या प्रमुखांनी आयोगाला पत्र लिहून युरोपीय डिजिटल ग्रंथालयाची मागणी केली. एवीतेवी श्वेंके यांच्या ठरावाला एकवीस वर्षे होऊन गेली होती. वीस वर्षांत समित्यांना जे जमले नाही, ते एका अमेरिकी कंपनीच्या घोषणेने चार महिन्यांत जमवले.

२० नोव्हेंबर २००८ रोजी ‘युरोपियाना’ खुली झाली, कारभार हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयातून. सुमारे वीस लाख वस्तू: पुस्तके, नकाशे, चित्रे, ध्वनिमुद्रणे. तासाला एक कोटी टिचक्या येऊ लागल्या आणि त्याच दिवशी ती कोसळली. पुन्हा उभी राहायला डिसेंबरची अखेर झाली. पण कोसळण्यापेक्षा बोलका आकडा दुसरा होता: त्या वीस लाखांत निम्म्याहून अधिक एकट्या फ्रान्सच्या होत्या. काही देशांचा वाटा डोळ्यांत भरण्याइतकाही नव्हता. प्रत्येक देशाने आपापल्या खर्चाने पुस्तके संगणकावर आणायची आणि युरोपियानाने फक्त वाट दाखवायची, अशी रचना होती. ज्याच्याकडे पैसा आणि इच्छा, त्याची संस्कृती दिसणार. जाननेय यांची हरकत फिरून त्यांच्याच अंगणात आली.

आणि गूगलचे काय? २००७ मध्ये म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयाने दहा लाखांहून अधिक पुस्तकांसाठी गूगलशीच करार केला. २००८ मध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या ग्रंथालयाने पाच लाखांसाठी. मग व्हिएन्ना, हेग, लंडन. २००९ मध्ये खुद्द फ्रान्सचे राष्ट्रीय ग्रंथालय गूगलशी बोलत असल्याचे बाहेर आले तेव्हा देशभर गदारोळ झाला. त्या ग्रंथपालांना दोष देणे मला जमत नाही. आम्लाने पिवळी पडत चाललेली पुस्तके समोर आहेत, सरकारकडे पैसा नाही, आणि कोणीतरी फुकट करून देतो म्हणतो आहे.

युरोपियानात आणखी एक विचित्र खड्डा होता. १८८० चे पुस्तक सापडे, २००५ ची जाहिरात सापडे, १९३५ ची कादंबरी नाही. तिचा प्रताधिकार शिल्लक, पण वारस कोण, प्रकाशक बुडाला की विकला गेला, काहीच ठाऊक नाही. अशा बेवारशी पुस्तकांसाठी २०१२ मध्ये निर्देश काढला: कसून शोध घ्या, हकदार सापडला नाही तर ठेवा. हा शोध प्रत्येक पुस्तकासाठी वेगळा. एका साधारण कादंबरीमागे एक कारकून काही दिवस खपणार, तर लाखभर कादंबऱ्यांना किती, हा हिशेब निर्देश लिहिणाऱ्यांनी केला नसावा. मार्ग फारसा वापरला गेला नाही.

*

शेवटचा अंक ई-पुस्तकांचा. कागदी पुस्तक ग्रंथालय दुकानातून घेते, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ई-पुस्तक विकत मिळत नाही. वापरण्याचा परवाना मिळतो, प्रकाशकाच्या अटींवर. तो म्हणाला, नवे पुस्तक वर्षभर ग्रंथालयांना नाही, तर नाही. नेदरलँड्सच्या ग्रंथालय संघटनेने विचारले: १९९२ च्या निर्देशातली देवघेव ई-पुस्तकालाही लागू नाही का? १० नोव्हेंबर २०१६ रोजी न्यायालय म्हणाले, लागू आहे, पण ते कागदी पुस्तकासारखे वागत असेल तर. एक प्रत एका वेळी एकालाच. मुदत संपली की ती त्याच्याकडून नाहीशी व्हावी. तोवर दुसऱ्याने उतरवून घेता कामा नये. आणि लेखकाला मोबदला. ग्रंथपालांनी जल्लोष केला. मग लक्षात आले, की निकालाने देवघेवीचा हक्क दिला, पण प्रकाशकाने ती फाइल ग्रंथालयाला विकलीच पाहिजे असे कुठे म्हटलेले नाही. व्यवहार परवान्यांवरच चालू राहिला. २०२३ मध्ये युरोप परिषदेने, म्हणजे स्ट्रासबुर्गच्या त्या वेगळ्या संस्थेने, ग्रंथालय कायद्यांविषयी नवी शिफारस स्वीकारली. शिफारस बंधनकारक नसते.

त्यामुळे आज जर्मनीतल्या एखाद्या गावचा वाचक रात्री अकरा वाजता घरबसल्या ग्रंथालयाच्या ‘ऑनलाइहे’ या सेवेवर जातो, नवी कादंबरी शोधतो, आणि पडद्यावर उत्तर येते: सर्व प्रती बाहेर गेल्या आहेत, आपला क्रमांक अमुक. जिला वजन नाही, पाने नाहीत, जी एका क्षणात हजारांना देता आली असती, त्या फाइलसाठी तो आपले नाव रांगेत लावतो आणि वाट पाहतो, आपण नोव्हेंबरात वाचनालयाच्या टेबलापाशी ठरावीक दिवाळी अंक परत येण्याची पाहतो तशी.